भाषांतरकाराची टीप

परिच्छेद सात. अर्जदार क्रमांक तीन,
गयाबाई रणशूर, वय अंदाजे बावन्न,
राहणार गौतमीनगर, मानखुर्दच्या खाडीकडेला,
शपथेवर सांगते की
आम्ही पाणी चोरतो.

वकीलबाईंनी समासात पेन्सिलीने लिहिलं होतं:
"चोरतो" नको, "मिळवतो" करा.
गयाबाई अंगठा द्यायला तयार होईना.
रात्री दोनला पाइपाला भोक पाडायचं,
सायकलच्या ट्यूबनं वढायचं,
त्याला मिळवणं म्हणत्यात व्हय?

मी फोर्टात तिसऱ्या मजल्यावर बसते,
फायलींच्या मागे एक खिडकी आहे म्हणतात.
बावीस वर्षं मराठीचं इंग्रजी करते.
दर पानाचा ठरलेला,
पान कुणाचंही असो.

"चोरतो" सोपं आहे, एका शब्दाचं काम.
पण परिच्छेद नऊमध्ये ती म्हणते,
बिल्डिंगवाल्यांच्या गाड्या जाईस्तोवर
टँकरपाशी अंग चोरून उभी राहते.
हे कसं नेऊ पलीकडे?
कोणत्या भाषेत माणूस
स्वतःचंच अंग चोरतो
आणि गुन्हा दाखल होत नाही?

महापालिकेचं उत्तर सुबक टाइप केलेलं.
बांधकामे अनधिकृत, कटऑफ तारखेनंतरची.
जोडणी दिल्यास अतिक्रमणास उत्तेजन.
सोबत जोडपत्र "ब", नकाशा:
गौतमीनगरच्या जागी सपाट हिरवा रंग,
आणि कोपऱ्यात एक बगळा.
कुणी काढला असेल तो,
कोणत्या इंजिनिअरला एवढी सवड होती.

अर्जाचा सगळा भार एका कलमावर.
एकविसावं. त्यात नळ नाही, घागर नाही,
पाणी हा शब्दच नाही.
जीवित आहे.
दोनदा मोठ्याने म्हटलं
तर घसा कोरडा पडेल असा शब्द.

चौथीत खरे बाईंनी पाठ करून घेतलं होतं:
जल, नीर, उदक, तोय, सलिल, जीवन.
परीक्षेत मी शेवटचा विसरले.
अर्धा मार्क गेला.

म्हणून पान अकराच्या तळाशी मी टीप घातली:
या भाषेत जगण्याला आणि पाण्याला
एक शब्द चालतो.
अर्जदार दोन गोष्टी मागत नाहीत.

धोंगडे साहेबांनी लाल पेनाने काट मारली.
"भाषांतरकाराने अर्थ लावायचा नसतो, मॅडम.
त्याला वर माणसं बसवलीत."
खरंच होतं.
पान पुन्हा टाइप केलं.

मार्चअखेर अंतरिम आदेश आला, इंग्रजीत.
अर्थ त्यांनी लावला होता, माझ्या टिपेवाचून,
चौदा पानं, जुन्या निवाड्यांचे हात धरत,
गटार ओलांडणाऱ्या माणसासारखं जपून:
घर कायदेशीर आहे की नाही
यावरून तहान ठरवता येणार नाही.
खाली चार परंतुकं.
शंभर घरांमागे एक सार्वजनिक नळ.
मीटर. अनामत आगाऊ.
या आदेशाने जागेवर कोणताही हक्क निर्माण होत नाही.
चार आठवड्यांत.

तेच आता मराठीत आणायचं, माझ्याकडूनच.
परिभाषा कोशात "जीवित", शासनमान्य.
मी "जीवन" लिहिलं.
सहा ठिकाणी.
धोंगडे साहेबांनी सही केली,
एका हाताने चष्मा चाचपत.
दिसलं नसेल. किंवा असेल.

गयाबाई प्रत न्यायला आली,
जिना चढून दम लागलेला.
"काय लिवलंय?"
मी वाचलं, परंतुकांसकट,
एकही न गाळता.
तिने बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं.
"चार आठवडं म्हंजी अजून अठ्ठावीस रात्री."
मग टेबलावरच्या माझ्या ग्लासाकडे बघून,
"घिऊ का?"

अर्धाच प्यायली.
उरलेल्यावर
झाकण ठेवलं.